परक्या गाण्यांची शाळा: कीथ अर्बन आणि ऑस्ट्रेलियातील कव्हर बँडची परंपरा

पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतात आधी दुसऱ्या कोणी ध्वनिमुद्रित केलेले गाणे एखाद्या गायकाने किंवा वाद्यवृंदाने पुन्हा सादर केले, तर त्या सादरीकरणाला 'कव्हर' म्हणतात, आणि ज्या वाद्यवृंदाचा सगळा कार्यक्रमच अशा गाण्यांवर उभा असतो त्याला 'कव्हर बँड' म्हणतात. गणेशोत्सवात आणि गावोगावच्या जत्रांत चित्रपटगीते सादर करणारे जे 'ऑर्केस्ट्रा' महाराष्ट्रात परिचित आहेत, त्यांच्याशी या प्रकाराचे जवळचे नाते आहे. मात्र ऑर्केस्ट्र्यातील गायकाने पुढे स्वतः गाणी रचावीत अशी अपेक्षा सहसा कोणी करीत नाही, कारण मराठी व हिंदी गाण्यांच्या जगात कवी, संगीतकार आणि गायक ही बहुधा तीन वेगवेगळी माणसे असतात. इंग्रजी भाषेच्या जगात मात्र १९६० च्या दशकापासून या तिन्ही भूमिका एकट्याने पेलणाऱ्या 'सिंगर-साँगरायटर'ला, म्हणजे स्वतःच शब्द लिहून, चाल बांधून ते गाणे गाणाऱ्या कलावंताला, विशेष प्रतिष्ठा मिळाली, आणि त्या प्रतिष्ठेच्या मोजपट्टीवर कव्हर बँडमधील वादन हे पोटापाण्याचे, दुय्यम दर्जाचे काम ठरले. ही मोजपट्टी कितपत खरी आहे, हे तपासण्यासाठी ऑस्ट्रेलिया हा देश आणि त्यातील कीथ अर्बन या गायक-गीतकाराची वाटचाल ही दोन्ही उदाहरणे उपयोगी आहेत. कारण या देशात परक्यांची गाणी वाजवणे हीच अनेक पिढ्यांची संगीतशाळा होती, आणि अर्बन हे त्या शाळेतून निघून अमेरिकेच्या कंट्री संगीतात अग्रभागी पोचलेले तिचे बहुधा सर्वांत ठळक विद्यार्थी आहेत.

दूरच्या खंडातील उसनी गाणी

ऑस्ट्रेलियात कव्हरची प्रथा खोलवर रुजली त्यामागे भूगोलाचा मोठा वाटा होता. इंग्रजी लोकप्रिय गाण्यांची मुख्य केंद्रे ब्रिटन आणि अमेरिका येथे होती, तेथील कलावंतांचे दौरे इतक्या लांबच्या खंडात क्वचितच होत, आणि त्यामुळे तबकडीवर किंवा नभोवाणीवर आवडलेले गाणे प्रत्यक्ष ऐकायचे, त्यावर नाचायचे, तर ते स्थानिक वाद्यवृंदाकडूनच ऐकावे लागे. अशा परिस्थितीत हुबेहूब वाजवता येणे हा कमीपणा नव्हता. श्रोत्याला जे दुरून ऐकू येत होते ते जवळ आणून देण्याचे ते कौशल्य होते. सिडनीजवळच्या व्हिलावुड येथील स्थलांतरितांच्या वसतिगृहात जमलेल्या तरुणांच्या 'द ईझीबीट्स' या वाद्यवृंदाने १९६६ मध्ये हॅरी व्हांडा आणि जॉर्ज यंग या आपल्याच दोन सदस्यांनी रचलेले 'फ्रायडे ऑन माय माइंड' हे गाणे जगभर पोचवले, आणि १९७३ मध्ये डेव्हिड बोवी या ब्रिटिश गायकाने त्याचे कव्हर ध्वनिमुद्रित केले, तेव्हा उसनवारीचा हा प्रवाह क्वचित उलटाही वाहू शकतो हे दिसून आले.

१९७० मध्ये घडलेल्या एका व्यापारी वादाने या प्रथेची ताकद आणि तिच्यातील शक्यता दोन्ही उघड केल्या. आपल्या ध्वनिमुद्रिका वाजवण्याबद्दल खासगी नभोवाणी केंद्रांनी शुल्क द्यावे, अशी मागणी मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांनी केली. केंद्रांनी ती नाकारली. आणि त्या वर्षीच्या मे महिन्यापासून ऑक्टोबरपर्यंत या कंपन्यांच्या ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन ध्वनिमुद्रिका प्रसारणातून गायब झाल्या. लोकांना हवी असलेली ब्रिटिश गाणी मिळेनात, तेव्हा या वादात सामील नसलेल्या छोट्या कंपन्यांनी तीच गाणी स्थानिक वाद्यवृंदांकडून गाऊन घेतली. मेलबर्नच्या 'द मिक्सचर्स' या वाद्यवृंदाने मंगो जेरी या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या 'इन द समरटाइम'चे केलेले कव्हर ऑस्ट्रेलियाच्या खपाच्या तक्त्यात पहिल्या क्रमांकावर गेले. पुढची गोष्ट अधिक बोलकी आहे: याच वाद्यवृंदाने त्यानंतर लगेच 'द पुशबाइक साँग' हे नवे, स्वतःचे गाणे ध्वनिमुद्रित केले, ते ऑस्ट्रेलियात पहिल्या आणि १९७१ मध्ये ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचले. ज्या देशाचे गाणे उसने घेतले होते, त्याच देशाच्या बाजारात काही महिन्यांत आपले गाणे विकले गेले, याचे श्रेय योगायोगाला द्यावे तितकेच त्या उसनवारीत झालेल्या सरावालाही द्यावे लागते.

पब, क्लब आणि रात्रीचे तीन सेट

कव्हर बँडना नियमित काम मिळाले ते मद्यविक्रीच्या कायद्यांत झालेल्या बदलांमुळे, ही गोष्ट प्रथमदर्शनी विचित्र वाटली तरी तिच्यामागची साखळी सरळ आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१६ मध्ये, न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया, साउथ ऑस्ट्रेलिया आणि टास्मानिया या राज्यांत मद्यालये म्हणजे पब संध्याकाळी ६ वाजता बंद करण्याचा नियम लागू झाला. कामावरून सुटलेले लोक तासाभरात घाईघाईने पिऊन बाहेर पडत, अशा ठिकाणी गाणेबजावणे ठेवण्याचे कारणच नव्हते. न्यू साउथ वेल्सने १९५५ मध्ये, व्हिक्टोरियाने १९६६ मध्ये आणि साउथ ऑस्ट्रेलियाने १९६७ मध्ये ही वेळ रात्री १० पर्यंत वाढवली, तेव्हा पबमालकांपुढे एक नवा प्रश्न उभा राहिला: ग्राहकाला चार तास बसवून ठेवायचे कसे? त्याचे सर्वांत स्वस्त उत्तर म्हणजे कोपऱ्यात एक वाद्यवृंद उभा करणे.

पबच्या जोडीला क्लब होते. माजी सैनिकांच्या संघटनेचे 'आरएसएल क्लब' आणि रग्बी लीग या खेळाच्या संघांशी जोडलेले क्लब यांना न्यू साउथ वेल्समध्ये १९५६ पासून 'पोकर मशीन' हे नाणे टाकून खेळायचे जुगारयंत्र ठेवण्याची कायदेशीर परवानगी मिळाली, आणि त्या उत्पन्नातून मोठी सभागृहे, रंगमंच व करमणुकीचे कार्यक्रम उभे राहिले. शेजारच्या क्वीन्सलँड राज्यात ही यंत्रे १९९० च्या दशकाच्या आरंभापर्यंत निषिद्ध होती, म्हणून तेथील रहिवासी सीमेपलीकडच्या ट्वीड हेड्स या गावातील क्लबांत गर्दी करीत, आणि कलावंतही तिकडे वळत. पुढे पबमध्येही ही यंत्रे आली आणि ज्या कोपऱ्यात वाद्यवृंद उभा राही तो कोपरा यंत्रांनी व्यापला, अशी तक्रार ऑस्ट्रेलियन संगीतकारांनी वारंवार केली. म्हणजे एका काळी संगीताला पोसणाऱ्या जुगाराच्या उत्पन्नाने दुसऱ्या काळी त्याची जागा घेतली.

पबमधील कार्यक्रम साधारणपणे पाऊण पाऊण तासाच्या तीन भागांत, म्हणजे तीन 'सेट'मध्ये, विभागलेला असतो. पहिल्या सेटच्या वेळी लोक जेवत-बोलत असतात, दुसऱ्यात त्यांचे लक्ष रंगमंचाकडे वळते आणि तिसऱ्यात त्यांना नाचायचे असते. त्यामुळे कोणते गाणे कितव्या क्रमाने घ्यायचे, कोणत्या दोन गाण्यांमध्ये थांबायचे नाही, गर्दी पांगू लागली तर कोणते हुकमी गाणे बाहेर काढायचे, हे सर्व अनुभवाने शिकावे लागते. वादकाला चाळीस-पन्नास गाणी तोंडपाठ असावी लागतात, ती बहुधा लिखित स्वरलिपीशिवाय केवळ ध्वनिमुद्रिका ऐकून बसवलेली असतात, आणि गायकाच्या गळ्याला सोसेल अशा सुरात ती ऐन वेळी बदलून घ्यावी लागतात. शिवाय प्रत्येक मूळ वादकाचा नाद वेगळा असल्याने एकाच रात्रीत गिटारवादकाला पाच-सहा जणांचे हात आपल्या हातांत आणावे लागतात. ही मेहनत संगीतशिक्षणच असते, मात्र त्यात गुरू समोर बसलेला नसतो; तो तबकडीत असतो, आणि परीक्षा घ्यायला समोर गर्दी असते.

कबूल्चरमधील उमेदवारी

कीथ अर्बन यांचा जन्म २६ ऑक्टोबर १९६७ रोजी न्यूझीलंडमधील व्हांगारेई येथे झाला, आणि ते दोन वर्षांचे असताना कुटुंब क्वीन्सलँडमधील ब्रिस्बेनच्या उत्तरेस असलेल्या कबूल्चर या गावी येऊन स्थायिक झाले. त्यांच्या वडिलांचे किराणा व किरकोळ वस्तूंचे दुकान होते आणि त्यांना अमेरिकन कंट्री संगीताचे वेड होते. कंट्री म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडील ग्रामीण गोऱ्या वस्त्यांतील लोकगीते, चर्चमधील भजने आणि कृष्णवर्णीयांचे ब्लूज यांच्या मिश्रणातून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आकाराला आलेली, फिडल, बँजो आणि गिटार या वाद्यांवर पेललेली, घरदार, प्रेम, प्रवास आणि श्रम यांच्या कथा सांगणारी गायनशैली होय. घरातील ध्वनिमुद्रिका ग्लेन कॅम्पबेल, डॉली पार्टन, डॉन विल्यम्स अशा अमेरिकन गायकांच्या होत्या, आणि दुकानाच्या काचेवर एका गिटारशिक्षिकेच्या शिकवणीची जाहिरात लावू देण्याच्या मोबदल्यात सहा वर्षांच्या मुलाला तिच्याकडून शिकवणी मिळाली. म्हणजे या गायकाच्या शिक्षणाचा आरंभ देवाणघेवाणीच्या एका छोट्या करारातून झाला, आणि तो ज्या संगीतात वाढला ते त्याच्या गावापासून हजारो किलोमीटर दूरचे, पूर्णपणे आयात केलेले होते.

पंधराव्या वर्षी शाळा सोडून अर्बन पब आणि क्लबांत वाजवू लागले. त्या वर्तुळात केवळ कंट्री वाजवून भागत नसे. नभोवाणीवर जे लोकप्रिय असेल ते रॉकही वाजवावे लागे, आणि या सक्तीनेच त्यांची शैली घडली. 'डायर स्ट्रेट्स' या ब्रिटिश वाद्यवृंदाचे गिटारवादक मार्क नॉफ्लर यांचा प्रभाव अर्बन यांनी स्वतः मान्य केलेला आहे. बहुतेक रॉक वादक नखीने, म्हणजे तारा छेडण्याच्या छोट्या चकतीने, वाजवतात, तर नॉफ्लर विद्युत गिटारच्या तारा उघड्या बोटांनी छेडतात, आणि बोटांनी छेडण्याची ही रीत कंट्री गिटारच्या जुन्या रीतीशी जुळणारी आहे. वडिलांच्या कपाटातील कंट्री आणि पबमधील श्रोत्यांना हवे असलेले रॉक या दोहोंना जोडणारा धागा अशा प्रकारे त्यांच्या हाती आला. दोन वेगवेगळ्या परंपरांतील गाणी एकाच रात्री वाजवणाऱ्या वादकालाच त्यांच्यातील साम्य बोटांनी कळते. एकाच शैलीच्या शुद्धतेत वाढलेल्या वादकाला ते सहसा कानावाटे पुस्तकी माहितीसारखे कळते.

गाणे कोणाचे, पैसा कोणाला

कव्हर बँडमधून स्वतःच्या गाण्यांकडे वळण्याची प्रेरणा केवळ कलात्मक नसते. तिला कायद्याचे आणि अर्थव्यवहाराचे भक्कम कारण असते. ऑस्ट्रेलियाच्या १९६८ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार एका ध्वनिमुद्रित गाण्यात किमान दोन प्रकारच्या मालमत्ता असतात: एक रचना, म्हणजे शब्द आणि चाल, जिची मालकी मुळात रचनाकाराकडे असते, आणि दुसरी ध्वनिमुद्रण, म्हणजे ती रचना विशिष्ट दिवशी विशिष्ट कलावंतांनी गायली-वाजवली त्याचा साठवलेला ध्वनी, ज्याची मालकी बहुधा खर्च करणाऱ्या कंपनीकडे असते. पबमध्ये एखादे गाणे वाजवले गेले, तर पबमालकाने घेतलेल्या वार्षिक परवान्याच्या शुल्कातून रचनाकाराला वाटा मिळतो. हे शुल्क गोळा करण्यासाठी रचनाकार आणि त्यांच्या प्रकाशकांनी १९२६ मध्ये स्थापन केलेली 'एप्रा' ही संस्था आजही कार्यरत आहे. याचा अर्थ असा की कव्हर बँडने रात्रभर घाम गाळून वाजवलेल्या गाण्यांचा हक्काचा पैसा दूर कोठेतरी बसलेल्या रचनाकाराकडे जातो, आणि वाजवणाऱ्याच्या पदरात त्या रात्रीचे मानधन तेवढे पडते. वादकाने वाजवणे थांबवले की त्याचे उत्पन्नही थांबते, रचनाकाराचे मात्र तो झोपलेला असतानाही चालू राहते.

रचना आणि सादरीकरण यांतील हा भेद प्रसारणाच्या कायद्यातही दिसतो. १९४२ च्या ऑस्ट्रेलियन प्रसारण कायद्याने नभोवाणी केंद्रांवर असे बंधन घातले होते, की संगीतप्रसारणाच्या वेळेपैकी किमान २.५ टक्के वेळ ऑस्ट्रेलियन रचनाकारांच्या कृतींना दिला पाहिजे. येथे मोजमाप गाणे कोणी रचले याचे होते, कोणी गायले याचे नव्हते. त्यामुळे परदेशी गाणे उत्तम गाणारा ऑस्ट्रेलियन गायक या मोजणीत कोठेच येत नसे. स्थानिक गायकवादकांच्या सादरीकरणाला मोजणारे नियम १९७० च्या दशकात आले. राष्ट्राचे संगीत कशाला म्हणायचे, राष्ट्रातील माणसाने लिहिलेल्याला की राष्ट्रातील माणसाने गायलेल्याला, या प्रश्नाची ही दोन उत्तरे होती, आणि कव्हर बँडचा वादक त्यांच्या मधल्या फटीत उभा होता.

टॅमवर्थ ते नॅशव्हिल

ऑस्ट्रेलियात कंट्री संगीताला स्वतःची एक राजधानी आहे. सिडनीच्या उत्तरेला सुमारे ४०० किलोमीटरवर असलेल्या टॅमवर्थ या शहरात दर जानेवारीत कंट्री संगीताचा महोत्सव भरतो, १९७३ पासून तेथे 'गोल्डन गिटार' पुरस्कार दिले जातात, आणि १९७९ पासून नवोदितांसाठी 'स्टार मेकर' ही स्पर्धा घेतली जाते. या स्पर्धेचे महत्त्व असे, की पबमध्ये गर्दी सांभाळण्याची सवय असलेल्या वादकाला येथे प्रथमच गर्दी त्याच्या नावासाठी जमलेली दिसते; श्रोता आता ओळखीच्या गाण्याची वाट पाहत नसतो, तो अनोळखी माणसाला जोखत असतो. १९९० ची स्टार मेकर स्पर्धा अर्बन यांनी जिंकली, आणि पुढच्या वर्षी, १९९१ मध्ये, ईएमआय या कंपनीने त्यांच्याच नावाचा पहिला अल्बम ऑस्ट्रेलियात प्रसिद्ध केला. तथापि ज्या संगीताची भाषा त्यांनी लहानपणापासून उसनी घेतली होती, त्याचे मूळ गाव अमेरिकेतील टेनेसी राज्याची राजधानी नॅशव्हिल हे होते, आणि १९९२ मध्ये ते तेथे राहायला गेले.

नॅशव्हिलमध्ये संगीताचा धंदा ज्या पद्धतीने चालतो, त्यात कव्हर बँडमधून आलेल्या वादकाला काही गोष्टी अनपेक्षितपणे अनुकूल ठरतात. तेथील ध्वनिमुद्रणाच्या खोल्यांत 'नॅशव्हिल नंबर सिस्टिम' नावाची लेखनपद्धती वापरली जाते, जी १९५० च्या दशकाच्या अखेरीस रूढ झाली आणि जिच्यात स्वरसमूहांना, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुळणीला, ठरावीक नावांऐवजी १, ४, ५ असे क्रमांक दिले जातात. पेटीवर काळी एक धरली काय किंवा पांढरी चार धरली काय, षड्जापासून मध्यमाचे आणि पंचमाचे अंतर बदलत नाही, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या पद्धतीचे तत्त्व चटकन कळेल: गायकाने ऐन वेळी सूर बदलायला सांगितला तरी कागदावरचे आकडे तसेच राहतात. कानाने शेकडो गाणी बसवलेल्या आणि रोज रात्री सूर बदलून वाजवलेल्या वादकाला हीच विचारपद्धती आधीपासून अंगवळणी पडलेली असते. ॲलन जॅक्सन या कंट्री गायकाने १९९३ मध्ये 'मर्क्युरी ब्लूज' या जुन्या ब्लूज गाण्याचे कव्हर केले, त्याच्या चित्रफितीत गिटार घेऊन उभा असलेला तरुण अर्बन दिसतो. अमेरिकी प्रेक्षकांपुढची त्यांची सुरुवातीची ओळख अशी एका कव्हरच्याच चौकटीतली आहे.

स्वतःच्या नावाने पुढे येण्याआधी आणखी एक टप्पा लागला. ढोलवादक पीटर क्लार्क आणि बेस गिटारवादक जेरी फ्लॉवर्स यांच्यासह अर्बन यांनी 'द रँच' हा तिघांचा वाद्यवृंद स्थापन केला आणि त्याचा एकमेव अल्बम १९९७ मध्ये निघाला. वादनातील जोरकसपणाबद्दल त्याची प्रशंसा झाली, परंतु त्यातील गाणी नभोवाणीच्या तक्त्यांच्या वरच्या भागात पोचली नाहीत आणि वाद्यवृंद फार काळ टिकला नाही. या अल्बममधील 'सम डेज यू गॉटा डान्स' हे गाणे, जे अर्बन यांनी लिहिलेले नव्हते, दोन वर्षांनी 'डिक्सी चिक्स' या त्या वेळच्या अतिशय लोकप्रिय स्त्रीगटाने आपल्या 'फ्लाय' या अल्बमसाठी घेतले, आणि त्या ध्वनिमुद्रणात गिटार वाजवायला अर्बन यांनाच बोलावले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाण्यांवर हात बसवलेल्या वादकाने ध्वनिमुद्रित केलेले गाणे आता दुसरे कोणी उचलत होते, आणि त्या उचललेल्या गाण्यातही त्याचीच बोटे वाजत होती.

एकट्याच्या नावाचा अल्बम

अमेरिकेतील अर्बन यांचा पहिला एकल अल्बम १९९९ मध्ये, पुन्हा त्यांच्याच नावाने, प्रसिद्ध झाला. त्यातील 'बट फॉर द ग्रेस ऑफ गॉड' हे गाणे २००१ च्या आरंभी बिलबोर्ड या नियतकालिकाच्या कंट्री तक्त्यावर पहिल्या क्रमांकावर आले, आणि ते अर्बन यांनी शार्लट कॅफी आणि जेन वीडलिन या दोघींसह रचले होते, ज्या 'द गो-गोज' या कॅलिफोर्नियातील रॉक गटाच्या सदस्य होत्या. कंट्री गाणे रचताना रॉकच्या रचनाकारांना सोबत घ्यावेसे वाटणे, हे कबूल्चरच्या पबमध्ये दोन्ही संगीते एका रात्रीत वाजवणाऱ्याला साजेसेच होते. नॅशव्हिलमध्ये अशा 'को-रायटिंग'ची, म्हणजे दोन-तीन रचनाकारांनी ठरलेल्या वेळी एका खोलीत बसून गाणे पुरे करण्याची, पद्धत सर्वमान्य आहे; त्यामुळे 'स्वतःचे गाणे' या शब्दप्रयोगाचा अर्थ तेथे 'एकट्याने लिहिलेले गाणे' असा क्वचितच होतो.

२००२ मधील 'गोल्डन रोड' या अल्बमने त्यांची ध्वनिमुद्रा पक्की केली. त्यातील 'समबडी लाइक यू' या गाण्यात 'गँजो' हे संकरित वाद्य ठळकपणे ऐकू येते, ज्याचे पोट बँजोचे, ताणलेल्या पडद्याने मढवलेले असते आणि मान सहा तारांच्या गिटारची असते, त्यामुळे गिटारवादकाला नवी बोटरचना न शिकता बँजोचा खणखणीत, लवकर विरणारा नाद मिळतो. अर्बन यांनी या ग्रामीण नादाखाली यंत्रावर तयार केलेला, सतत फिरत राहणारा ताल ठेवला आणि त्यावर रॉकच्या धाटणीची विद्युत गिटार चढवली. यातील एकही घटक नवा नव्हता. नवी होती ती जुळणी, आणि ही जुळणी अशाच माणसाला सुचते ज्याने हे सर्व नाद वेगवेगळ्या मालकांकडून उसने घेऊन वर्षानुवर्षे एकाच हाताने वाजवलेले असतात. २००५ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये अमेरिकेच्या कंट्री म्युझिक असोसिएशनने त्यांना वर्षातील सर्वश्रेष्ठ मनोरंजनकाराचा पुरस्कार दिला. या पुरस्काराच्या नावातच गर्दीपुढच्या सादरीकरणाला महत्त्व आहे, हे लक्षात घेतले तर पबमधील तीन सेटची तालीम येथवर सोबत आली असे म्हणता येते.

तथापि 'कव्हरपासून स्वतःच्या गाण्याकडे' ही वाट सरळ रेषेत जाते असे समजणाऱ्याला अर्बन यांची पुढची कारकीर्द अडचणीत टाकते. २००६ मध्ये ज्या गायनासाठी त्यांना ग्रॅमी पुरस्कार मिळाला ते 'यू'ल थिंक ऑफ मी' हे गाणे इतरांनी लिहिलेले आहे. २००५ मध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेले 'मेकिंग मेमरीज ऑफ अस' हे रॉडनी क्रॉवेल यांची रचना आहे आणि ते त्याआधी इतरांनी ध्वनिमुद्रितही केलेले होते, म्हणजे काटेकोर व्याख्येने ते कव्हरच आहे. २०१६ मधील 'ब्लू एन्ट युअर कलर' हे त्यांचे अतिशय गाजलेले गाणेही त्यांनी लिहिलेले नाही. तरीही ही गाणी श्रोत्याच्या मनात अर्बन यांचीच म्हणून राहिली, आणि यावरून कव्हर बँड व एकल कलावंत यांतील खरा भेद कोठे शोधायचा हे कळते. तो लेखणीपाशी पुरता सापडत नाही. तो श्रोत्याच्या स्मरणाची दिशा कोणती याच्यात सापडतो. कव्हर बँड गाणे सुरू करतो तेव्हा श्रोत्याचे मन मागे, मूळ आवाजाकडे, धावते आणि ते जितक्या लवकर पोचेल तितका वाद्यवृंद यशस्वी; एकल ध्वनिमुद्रणात हेच मन गाणाऱ्यापाशी थांबते, मग शब्द कोणाचेही असोत. निवड, सूर, वाद्यांची जुळणी आणि नाद यांचे निर्णय ज्याचे, त्याच्याकडे हे स्मरण वळते.

इतर वाटा

अर्बन यांची वाट पबमधून, स्पर्धेतून आणि स्थलांतरातून गेली, पण ऑस्ट्रेलियातील सर्वच गायक-गीतकारांना इतका लांबचा वळसा घ्यावा लागला नाही. ॲडलेडमध्ये जन्मलेले पॉल केली यांनी १९७४ मध्ये होबार्ट येथे प्रथम लोकांपुढे गायले ते इतरांचीच गाणी घेऊन, आणि पुढे त्यांचा 'द डॉट्स' हा वाद्यवृंद मोडल्यावर त्यांनी १९८५ मध्ये 'पोस्ट' हा एकल अल्बम दोन आठवड्यांत, केवळ ३,५०० डॉलर खर्चून, मोजक्या वाद्यांसह ध्वनिमुद्रित केला. ऑस्ट्रेलियन गावे, रस्ते आणि घरगुती प्रसंग यांना इंग्रजी गाण्यात हक्काची जागा मिळवून देणाऱ्या त्यांच्या दीर्घ कारकीर्दीत हा कमी खर्चाचा अल्बम निर्णायक ठरला, कारण वाद्यवृंदाचा भपका गेल्यावर शब्द ऐकू येऊ लागले. पुढच्या पिढीत संगणकाने स्टुडिओचा खर्च आणखी उतरवला. 'द बेसिक्स' या वाद्यवृंदातून वाजवणारे वॉली डी बॅकर यांनी 'गोटये' या नावाने स्वतंत्र ध्वनिमुद्रणे केली, आणि मेलबर्नजवळच्या मॉर्निंग्टन द्वीपकल्पावर आईवडिलांच्या जागेतील कोठारात बसून तयार केलेल्या 'मेकिंग मिरर्स' या २०११ च्या अल्बममधील एक गाणे २०१२ मध्ये अमेरिकेच्या मुख्य तक्त्यावर आठ आठवडे पहिले राहिले. त्या गाण्याचा आधार ब्राझीलचे गिटारवादक लुईझ बोन्फा यांच्या १९६७ च्या ध्वनिमुद्रणातून घेतलेला एक तुकडा होता, आणि म्हणून रचनाकारांमध्ये बोन्फा यांचेही नाव आहे. या तंत्राला 'सॅम्पलिंग' म्हणतात, आणि त्यात परके गाणे नव्याने वाजवण्याऐवजी त्याच्या ध्वनीचाच तुकडा नव्या रचनेत विणला जातो.

मधल्या काळात कव्हरची प्रतिष्ठाही बदलली. 'ट्रिपल जे' या सरकारी युवा नभोवाणी वाहिनीवर २००४ पासून 'लाइक अ व्हर्जन' हा कार्यक्रम चालतो, ज्यात मुख्यतः स्वतःची गाणी करणारे कलावंत स्टुडिओत येऊन दुसऱ्याचे एखादे गाणे आपल्या पद्धतीने गातात. याच कार्यक्रमात 'द विगल्स' या बालगीतांच्या गटाने 'टेम इम्पाला' या ऑस्ट्रेलियन रॉक गटाच्या 'एलिफंट' या गाण्याचे केलेले कव्हर श्रोत्यांच्या मतदानाने ठरणाऱ्या २०२१ च्या शंभर गाण्यांच्या यादीत पहिले आले. येथे श्रोत्याला हुबेहूबपणा नको असतो. मूळ गाण्यापासून गाणारा किती दूर गेला आणि तरीही गाणे ओळखू आले का, हे तो पाहतो.

१९७३ मध्ये ॲडलेड येथे 'ऑरेंज' या नावाने सुरू झालेला एक वाद्यवृंद 'फ्री' आणि 'डीप पर्पल' या ब्रिटिश गटांची गाणी वाजवीत असे. पुढे त्याने 'कोल्ड चिझल' हे नाव घेतले, त्यातील डॉन वॉकर यांनी व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या ऑस्ट्रेलियन सैनिकाच्या अस्वस्थतेवर 'खे सान' हे गाणे लिहिले, आणि ते १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. आज ऑस्ट्रेलियातील पबमध्ये वाजवणाऱ्या कव्हर बँडच्या तिसऱ्या सेटमध्ये लोक हमखास ज्या गाण्यांची मागणी करतात त्यांत हे गाणे असते, आणि कोणीतरी पंधरा-सोळा वर्षांचा गिटारवादक ते ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा ऐकून, थांबवून, आपल्या बोटांवर बसवीत असतो.